जुनं नौदली लढाऊ जेट उडतं ठेवायचं म्हणजे नक्की काय काय लागतं?

उनाड_सप्तर्षी

मागच्या आठवड्यात गोव्याला जाऊन आलो. शेवटच्या दिवशी परतीच्या विमानाला चार तास होते, म्हणून बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात शिरलो. चिरंजीव वय वर्षे नऊ. विमानं बाहेर उघड्यावर उभी आहेत. त्यातल्या सी हॉक या जुन्या नौदली जेटभोवती त्याने तीन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारलं, "बाबा, याच्या शेपटीत भोकच नाहीये. मग जाळ कुठून निघायचा?" मला सांगता येईना. पाठोपाठ दुसरा प्रश्न: "हे दुरुस्त करून परत उडवता येईल का?"

मी नेहमीप्रमाणे "बघू" म्हणालो. पण घरी येऊन शोधत बसलो तर कळलं की लोक खरंच असले उद्योग करतात. अमेरिकेत आर्ट नॉल्स नावाच्या निवृत्त मरीन वैमानिकाने ब्रिटिश नौदलाचं भंगारात निघालेलं सी हॅरियर (उभ्याने उतरू शकणारं जेट) विकत घेऊन उडवलं. ब्रिटनमध्ये सी व्हिक्सन नावाचं दोन शेपट्यांचं धूड २०१७ पर्यंत उडत होतं.

तर प्रश्न असा: यासाठी लागतं काय? नुसता पैसा, की आणखी काही? आणि आपल्याकडे का नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा. अजाणकारांनीही टाकावा, पण जरा कमी व्होल्टेजचा.

तिरफळ

पहिली मी! मला यातलं काही कळत नाही, पण वाचतेय.

अवांतर: बोगमाळोला जेवलात कुठे?

पाना_नंबर_१३

जाळाचं उत्तर सोपं आहे. सी हॉकमध्ये एकच रोल्स-रॉइस नीन इंजिन, पण त्याची नळी मागे जाऊन दोन फाट्यांत विभागलेली. पंख जिथे धडाला मिळतात तिथे मागच्या अंगाला दोन्ही बाजूंना एकेक तोंड असतं, झोत तिथून बाहेर. लांबलचक नळी शेपटीपर्यंत न्यावी लागत नाही, त्यामुळे धडाच्या मागच्या भागात इंधनाची टाकी बसते. पुढच्या वेळी पंखाच्या मुळाशी वाकून बघायला सांगा.

हिशोबनीस

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याहून सोपं. पैसा. बाकी सगळं पैशाच्या मागून येतं. आणि तो असलाच तर आधी आमच्या गडांच्या ढासळत्या तटबंद्या बघा. उडत्या भंगारावर कसला खर्च करता?

लँब्रेटा_६४

आला. गडकिल्ले आणल्याशिवाय यांचा प्रतिसाद पुरा होत नाही.

माझी स्कूटर १९६४ ची. वडिलांची. आजही पुणे-सातारा करते. सुटे भाग नाना पेठेत नाहीतर रविवारी जुन्या बाजारात मिळतात, मिळाले नाहीत तर लेथवाल्याकडून करून घेतो. विमान मोठं, एवढाच फरक. तत्त्व तेच.

ओझरवाला

लँब्रेटाशेठ, तत्त्व तेच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

मी लढाऊ विमानांच्या ओव्हरहॉलमध्ये तीस वर्षं काढली. तुमच्या लेथवाल्याने केलेली बुश तंतोतंत बसेलही. विमानात मात्र ती बसली की नाही हा शेवटचा प्रश्न असतो. आधीचे प्रश्न: धातू कुठला, कुठल्या बॅचचा, उष्णताप्रक्रिया कोणी केली, तपासली कोणी, सही कोणाची. कागद नसेल तर तो भाग माझ्या लेखी धातूचा तुकडा. पेपरवेट म्हणून वापरा.

दुसरं, विमानातल्या भागांची दोन वयं असतात. एक उड्डाणाच्या तासांवर मोजतात, दुसरं कॅलेंडरवर. जुन्या जेटला हे दुसरं मारतं. रबरी सील, होज, इंजेक्शन सीटमधली स्फोटक काडतुसं यांना औषधाच्या बाटलीसारखी मुदत असते. वापरा नाहीतर फडताळात ठेवा, तारीख उलटली की बाद. आणि सीटची काडतुसं नाना पेठेत मिळत नाहीत.

तिसरं, ज्याने विमान घडवलं त्या कंपनीने "हो, अजून चालेल" असं म्हणणारा माणूस ठेवलेला असावा लागतो. ब्रिटनचं व्हल्कन बॉम्बर (नौदली नव्हे, पण उदाहरण चपखल) २०१५ साली उडायचं थांबलं. पैसे लोकांनी वर्गणी काढून उभे केले होते, वैमानिक होते, विमान ठणठणीत होतं. पण ज्या कंपन्यांच्या तांत्रिक पाठिंब्यावर परवाना टिकून होता त्यांनी हात काढून घेतला. तेव्हा हिशोबनीस, पैशाच्या मागून सगळं येत नाही.

लँब्रेटा_६४

शब्द मागे घेतो. स्कूटर मागे घेत नाही.

मिश्कील_मावळा

"इंजेक्शन सीट" 😂 डॉक्टर, हळू टोचा.

ओझरवाला

इजेक्शन. संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी सीट. मोबाइलच्या कीबोर्डला नाशिकचं पाणी लागलंय.

सॉमरसेटकर

आत्ता धागा पाहिला. मी सहा वर्षं इंग्लंडमधल्या येऑव्हिल्टनच्या नौदल तळापासून दहा मिनिटांवर राहायचो. सी व्हिक्सन डोक्यावरून जाताना अनेकदा पाहिलंय. पाहिलंय म्हणजे आधी छातीत जाणवायचं, मग दिसायचं. दोन रोल्स-रॉइस एव्हन इंजिनं.

विचित्र विमान. वैमानिकाची काच मध्यावर नसून डावीकडे. उजवीकडे खाली, धडाच्या आत, रडार बघणारा दुसरा माणूस बसायचा. त्याच्या जागेला नौदलात 'कोळशाची कोठी' म्हणायचे, कारण आत अंधार. तोफा नाहीत, नुसती क्षेपणास्त्रं, रॉकेटं आणि बाँब. याच्या मूळ नमुन्याचे १९५२ च्या फार्नबरो विमान प्रदर्शनात हवेतच तुकडे झाले. आतले दोघे आणि खालचे २९ प्रेक्षक गेले. पुढे रचना मजबूत करून ते नौदलात आलं, १९७२ पर्यंत राहिलं.

उडत होतं ते एकुलतं एक, एक्सपी ९२४. तळावरच्या एका खुल्या दिवशी त्याच्याजवळ उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाशी अर्धा तास बोललो. मी विचारलं, सगळ्यात त्रासाचं काय? मला वाटलं इंजिन म्हणेल. त्याने बाजूच्या एका कळकट पिवळ्या गाड्याकडे बोट दाखवलं. म्हणाला, ही. अशा विमानांची इंजिनं सुरू करायला बाहेरून दाबाची हवा द्यावी लागते, आणि ती देणाऱ्या गाड्यात स्वतःचं एक छोटं जेट इंजिन असतं, पालूस्त नावाचं. तेही तेवढंच जुनं. म्हणजे विमान जिवंत ठेवायचं तर आधी त्याला उठवणारा गाडा जिवंत ठेवा. गाड्याचे सुटे भाग विमानापेक्षा दुर्मीळ, कारण विमानं हौसेने जपली गेली, गाडे कोण जपतो?

तिरफळ

हे फार आवडलं. नवरदेवापेक्षा घोड्याचे नखरे.

हिशोबनीस

आणि मग २०१७ ला काय झालं तेही सांगा की.

सॉमरसेटकर

सांगतो. २७ मे २०१७. डक्सफर्डच्या विमान प्रदर्शनातून परत येताना हायड्रॉलिक (दाबाच्या तेलावर चाकं वगैरे हलवणारी यंत्रणा) गेली, चाकं उतरेनात. वैमानिकाने येऑव्हिल्टनच्या धावपट्टीवर पोटावर उतरवलं. इतकं सुबक की विमान सरळ रेषेत घासत जाऊन थांबलं आणि तो चालत बाहेर आला. पण पोट घासलं ते घासलंच. दुरुस्तीचा आकडा लाखो पौंडांत गेला आणि विमान हँगरमध्ये राहिलं.

हिशोबनीस

माझं म्हणणं हेच होतं. तेही नशीब चांगलं म्हणून. २०१५ ला ब्रिटनमधल्या शोरम गावच्या विमान प्रदर्शनात जुनं हंटर जेट रस्त्यावर कोसळून ११ माणसं गेली. प्रदर्शनाच्या मैदानातली नव्हे, बाहेर रस्त्यावरची माणसं. तुमच्या हौसेसाठी त्यांनी का मरावं?

पाना_नंबर_१३

प्रश्न रास्त आहे, फक्त एक दुरुस्ती. शोरममध्ये विमानाने दगा दिला नव्हता. गिरकीच्या माथ्यावर वेग आणि उंची दोन्ही कमी पडली. म्हणजे यंत्राची देखभाल नव्हे, कसरत ज्या रीतीने केली ती चुकली. त्यानंतर ब्रिटनने जमिनीवरच्या प्रदर्शनांत जुन्या जेटना असल्या कसरती बंद केल्या, फक्त समोरून साधं उडत जायचं. माझ्या मते बरोबर केलं. जुन्या घोड्याला कोलांट्या मारायला लावू नयेत. चालताना पाहावं, पुरे.

हिशोबनीस

एवढं मान्य.

मिश्कील_मावळा

हिशोबनीस यांनी "मान्य" लिहिलं. वाचनखूण साठवली आहे.

खलाशीकाका

मंडळी, नातीने धागा दाखवला म्हणून लिहितोय. टायपिंग तिचं, चुका माझ्या.

मी मालवणचा, आता वास्कोत असतो. १९७८ ते १९९५ नौदलात विमानांचा मेकॅनिक होतो. सी हॉकची शेवटची पाच वर्षं आणि मग सी हॅरियरची पहिली बारा या हातांनी केली. १९८३ च्या डिसेंबरात पहिली हॅरियर दाबोळीला उतरली तेव्हा धावपट्टीच्या कडेला उभा होतो.

उनाडराव, तुमच्या लेकाने बघितलं ते विमान साधं नाही. १९७१ च्या युद्धात विक्रांतवरून उडून पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझार, चितगाववर हल्ले ह्यांनी केले.

आता मुद्द्याचं. नौदलाचं विमान आणि हवाई दलाचं विमान यात फरक काय, तर मीठ. जहाजावर विमान चोवीस तास खाऱ्या वाऱ्यात असतं. आम्ही सकाळ-संध्याकाळ गोड्या पाण्याने अंघोळ घालायचो, मग पुसायचं, मग तेल. म्हैस परवडली. सी हॉकचे पंख वर दुमडतात, त्या बिजागरीत मीठ जाऊन बसतं. वरून रंग झकास आणि आत पांढरी भुकटी. बोट फिरवलं तर बोटाला लागते, जिभेला लावली तर तुरट. हो, लावलीय. तरुण होतो.

सी हॅरियरचं दुखणं वेगळं. इंजिन विमानाच्या मधोमध, वरून पंखाने झाकलेलं. पंख एकसंध, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणजे इंजिन बदलायचं तर आधी अख्खा पंख उचलून बाजूला ठेवा. पंखातून जाणाऱ्या तेलाच्या, हवेच्या, विजेच्या सगळ्या जोडण्या सोडा, प्रत्येकाला चिठ्ठी बांधा, मग क्रेन. जमिनीवर ठीक आहे. जहाजाच्या पोटातल्या हँगरमध्ये जहाज डुलत असताना करा म्हणजे कळेल. पंख साखळीला टांगलेला आणि आम्ही चार जण चार कोपऱ्यांना धरून. कोणी बोलत नसे.

अमेरिकेतल्या त्या गृहस्थाने हे खाजगीत केलं म्हणजे त्याच्याकडे पूर्वी हे केलेली माणसं असणार. पुस्तक वाचून होत नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं 'पंख काढा'. दोन शब्द.

उनाड_सप्तर्षी

काका, _/\_. धागा काढल्याचं सार्थक झालं. लेकाला वाचून दाखवतोय. तो विचारतोय, चिठ्ठी चुकली तर?

खलाशीकाका

चिठ्ठी नाही चुकली, पण हे सांगतो. एकदा रात्री काम संपवून हत्यारं मोजली तर स्क्रूड्रायव्हरचं एक टोक कमी. एवढंसं, करंगळीच्या नखाएवढं. नियम असा की ते सापडेपर्यंत विमान बंद. सकाळी उड्डाण होतं. मग बॅटऱ्या घेऊन सहा जण पोटावर सरपटतोय. झाकणं उघडली, आरसे लावून बघितलं. पहाटे चार वाजता मी चहा प्यायला उठलो तर डांगरीच्या खिशात काही टोचलं.

आमच्या चीफने काही शिवीगाळ केली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या डांगरीचे सगळे खिसे शिवून घेतले. वर्षभर बिनखिशाचा फिरलो.

तिरफळ

आई गं 😂😂

ओझरवाला

काका, सलाम. हत्यारांच्या पेटीत प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खळगा असतो तो याचसाठी. रिकामा खळगा लांबून दिसतो.

सी हॅरियरविषयी थोडी भर. नॉल्स यांचं एक्सझेड ४३९ हे एफए २ जातीचं. ब्रिटनने २००६ मध्ये ही विमानं निवृत्त केली, तेव्हा त्यातली काही घ्यावीत का हे आपलं नौदलही बघत होतं, पण जमलं नाही. म्हणजे नशीब वेगळं असतं तर त्याची भावंडं दाबोळीला आली असती.

नॉल्स यांनी ते १० नोव्हेंबर २००७ ला मेरीलँडमध्ये उडवलं. पुढच्याच महिन्यात हायड्रॉलिकने दगा दिला, जवळच्या पॅटक्सेंट रिव्हर नौदल तळावर उतरावं लागलं, विमानाला इजा झाली. दुरुस्ती करून २००८ च्या ऑक्टोबरात व्हर्जिनियाच्या कल्पेपरला लोकांसमोर आणलं. लक्षात घ्या, सी व्हिक्सन हायड्रॉलिक, हे पण हायड्रॉलिक. इंजिनं दणकट असतात, ती पुरून उरतात. घात करतात ते पाच पैशाचे किरकोळ भाग. आणि उभं राहिलेलं विमान जास्त लवकर म्हातारं होतं. रबर वाळतं, तेल एका जागी बसतं, खाली पाणी साचतं. म्हणून जपायचं तर उडवत राहावं लागतं आणि उडवलं की आयुष्य संपतं. यातून सुटका नाही.

लँब्रेटा_६४

हे मात्र स्कूटरला शंभर टक्के लागू. लॉकडाउनमध्ये तीन महिने उभी होती, कार्बोरेटरची गॅस्केट बिस्किटासारखी तुटली.

मिश्कील_मावळा

आमच्या सासऱ्यांनाही लागू. निवृत्तीनंतर सोफ्यावर बसले आणि गुडघे गेले.

पाना_नंबर_१३

हॅरियरची आणखी एक गंमत. उभ्याने उतरताना इंजिनावर इतका ताण येतो की अनेकदा आत पाणी फवारून ते थंड ठेवावं लागतं. टाकीत सव्वादोनशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी, आणि ते साधारण दीड मिनिटात संपतं. तेवढ्यात उतरा.

तिरफळ

आमच्या इन्व्हर्टरला दोन महिन्यांनी एक लिटर लागतं तरी मी नवऱ्याला चार वेळा आठवण करते. या विमानाच्या बायकोचं काय होत असेल.

हिशोबनीस

बरं, आता मूळ प्रश्नाकडे या. आपल्याकडे का नाही?

ओझरवाला

अगदीच नाही असं नाही. हवाई दलाकडे जुन्या विमानांचं पथक आहे. टायगर मॉथ, हार्वर्ड, आणि २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन आलेलं डकोटा, 'परशुराम' नावाचं. पण ही सगळी पंख्याची विमानं. पंख्याचं विमान चालवणं म्हणजे बैलगाडी, जेट म्हणजे हत्ती पाळणं. नौदलाचं असं उडतं पथक नाही.

मिश्कील_मावळा

जहाजच जपलं नाही तर विमान कुठलं! विक्रांत २०१४ ला तोडायला काढली. तिच्या पोलादातून मोटारसायकल आली. मी ती चालवतो. सिग्नलला उभा राहिलो की टाकीवर थाप मारून म्हणतो, चल गं, चितगाव.

सॉमरसेटकर

वाईट वाटलं वाचून, हसूही आलं. पण इकडेही सगळं आलबेल नाही. सी हॉक इकडच्या नौदलाच्या ऐतिहासिक पथकात होतं, डब्ल्यूव्ही ९०८, अनेक वर्षं प्रदर्शनांत उडालं. आता नाही उडत. तो म्हातारा स्वयंसेवक मला म्हणाला होता, आम्ही सगळे सत्तरीचे, पोरं येतात, फोटो काढतात, नंतर विचारतात वायफाय कुठे आहे.

हिशोबनीस

मला वाटतं मी जरा एकतर्फी लिहिलं. लाखो पौंड तरीही पटत नाहीत. पण काकांसारखी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून काढून घ्यायला काय पैसे लागतात? कॅमेरा लावून बसवा, पंख कसा काढला ते सांगू दे. हा खर्च मी मंजूर करतो.

मिश्कील_मावळा

स्क्रीनशॉट घेतला.

खलाशीकाका

कॅमेरा नको, मला त्याच्यापुढे खोकला येतो.

उनाडराव, तुमच्या पोराला खरं सांगायचं तर ते सी हॉक आता उडणार नाही. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे, इतक्या पावसाळ्यांनंतर त्या बिजागरीच्या आत काय झालंय ते मला न उघडता कळतं. उडवायचं म्हणजे नवीनच बांधायचं आणि जुनी पाटी लावायची. तसं करू नये.

पण अजून बघण्यासारखं भरपूर आहे. पुढच्या खेपेस वास्कोला आलात की इथेच निरोप टाका. पंख कुठे दुमडतो, झोत कुठून निघतो आणि आम्ही कुठे डोकं आपटायचो ते दाखवतो. सोमवार सोडून या, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं. येताना बॅटरी आणा, माझी नातीने हरवलीय. (नात: खोटं आहे हे. आजोबांच्याच खिशात असेल.)

उनाड_सप्तर्षी

काका, दिवाळीच्या सुट्टीची तिकिटं बघतोय.

चिरंजीवांना सगळं वाचून दाखवलं. विमान उडणार नाही म्हटल्यावर पाच मिनिटं गप्प होता. मग विचारलं, "आजोबांकडे जाताना मला पण बिनखिशाची चड्डी घालावी लागेल का?"

तिरफळ

हो, लागेल! आणि जेवलात कुठे ते अजून सांगितलं नाहीत.